ओवीची दुसरी ओळ

चपात्या झाकायच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेला मोबाईल तिनं काउंटरवर ठेवला, आणि गाठ सोडायच्या आधी एकदा मागं वळून रस्ता पाहून घेतला.

"तुम्हीच दुरुस्त करता?"

"मीच. पाटी वाचली नाही का?"

"वाचली म्हणून तर आले. पण आत कुणी गडीमाणूस बसलेला नाही ना?"

"आत माझे वडील आहेत. ते घड्याळं करतात. मोबाईलमधलं त्यांना काडीचं कळत नाही."

"ऐकू येतंय मला," आतून नाना म्हणाले. डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच त्यांनी मान वर केली. "घड्याळ उघडलं की वेळ दिसते, बाई. मोबाईल उघडला की माणसाचं घर दिसतं. म्हणून मी हात लावत नाही. कळत नाही म्हणून नव्हे."

ती हसली. हसली म्हणजे ओठांच्या कडेला जरा हललं, इतकंच. मग तिनं गाठ सोडली.

मोबाईलच्या काचेवर मधोमध एक खळगा होता आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा चारी कडांपर्यंत धावल्या होत्या. हातातून पडलेले मोबाईल मी रोज बघत होते. ते कोपऱ्यात फुटतात.

"हा पडलेला नाही," मी म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "पडलेला नाही."

हिवरगावच्या स्टँडासमोरचं आमचं दुकान म्हणजे मुळात नानांची घड्याळांची टपरी. मी सासरहून कायमची परत आले तेव्हा नानांनी अर्धी जागा मला दिली. तीन महिन्यांचा दुरुस्तीचा कोर्स मी केला आणि पाटी रंगवून घेतली : 'प्रभा मोबाईल. महिलांसाठी महिला.' गावातले लोक आधी हसले. पण बायका यायला लागल्या. पदराआडून मोबाईल काढायच्या, आवाज उतरवून बोलायच्या. कुणाच्या मोबाईलमध्ये बाळंतपणाचे फोटो, कुणाच्या मोबाईलमध्ये बहिणीशी केलेली रडारड. बाजारपेठेतल्या पोरांच्या हाती ते द्यायचा त्यांना धीर व्हायचा नाही. बायकांचे मोबाईल म्हणजे आतून कडी लावलेल्या खोल्या. त्यांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर पडलेल्या असायच्या, आणि मला त्याचा अभिमान होता. अभिमान म्हणते, कारण दुसरा शब्द नाही.

"नवीन काच बसवते," मी म्हटलं. "शहरातून मागवावी लागेल. दोन दिवस."

"बसवा. पण माझं एक ऐका, ताई. ह्यात सिमकार्ड घालायचं नाही. नेट तर अजिबात लावायचं नाही. मला हा मोबाईल नकोच आहे. माझ्याकडं बटणाचा आहे, तो पुरे. ह्यातल्या आईच्या ओव्या तेवढ्या काढून द्या."

"ओव्या?"

"जात्यावरच्या. आई श्रावणात गेली. त्याच्या आधी पंधरा दिवस माहेरी होते, तेव्हा तिला म्हणायला लावल्या आणि ह्यात घेतल्या."

"नेट का नको?"

तिनं पुन्हा रस्त्याकडं पाहिलं. मग काउंटरवर वाकून, शेजारणीला मीठ मागावं तितक्या साध्या आवाजात बोलली.

"मोबाईल नवऱ्यानं घेऊन दिलेला. आतलं खातं त्याच्या नावाचं. मी कुठं गेले, किती वेळ थांबले, कुणाला फोन केला, संध्याकाळी घरी आला की पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवायचा. चुकलं की काय ते विचारू नका. मला सहा वर्षांची मुलगी आहे, ईश्वरी. तो म्हणायचा, तू जा कुठं जायचं तिथं, पोरगी मी ठेवून घेईन, तिचं तोंडसुद्धा तुला दिसू देणार नाही. म्हणून एक दिवस तिला काखोटीला मारली आणि पहिली गाडी धरली. तीन महिने झाले. इथं मेसमध्ये चपात्या लाटते. पोरीला शाळेत घातलीय." ती थांबली. "तेव्हापासून हा चालू केलेला नाही. चालू होतही नाही म्हणा. पण आई आत अडकलीय."

नानांच्या चिमट्याचा आवाज थांबला होता.

"एक ओवी होती," ती म्हणाली. "चपात्या लाटताना रोज तोंडात येते. पहिली ओळ येते, आणि दुसरीला अडते. जात्यात खडा अडकतो ना, तशी."

"म्हणा की."

तिनं मान खाली घातली. हात आपोआप काउंटरच्या काचेवर गोल फिरला, खुंटा धरल्यासारखा.

*"माझी मैना गं निघाली, नका पुसू तिचा ठाव…"*

"आणि पुढं?"

"तेच तर. तेव्हा मी निघायचं मनातही आणलं नव्हतं. आईनं कुठून म्हटलं कोण जाणे. आता विचारायचं कुणाला?"

माझी आईही ओव्या म्हणायची. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि तिच्या ओव्या कुणी कशात घेतलेल्या नव्हत्या. हे मी तिला सांगितलं नाही. चिठ्ठ्यांची वही पुढं ओढली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आलेल्या प्रत्येक मोबाईलच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवायची. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, चालू नंबर, आणि खाली नऊ टिंबं. त्या टिंबांवर गिऱ्हाइकानं आपलं कुलूप रेघेनं काढून दाखवायचं, म्हणजे दुरुस्तीनंतर मोबाईल उघडून तपासता येतो.

"नाव?"

"सारिका."

"नंबर?"

"नंबर कशाला?"

"रीत आहे. काच आली की कळवायचं कसं? चाळीस मोबाईल असतात माझ्याकडं."

"हा नंबर मेसच्या मालकिणीशिवाय कुणाकडं नाही, ताई."

"माझ्याकडून कुठं जाणार आहे? इथली गोष्ट इथंच राहते."

तिनं नंबर सांगितला. मग एका हाताचा आडोसा करून नऊ टिंबांवर रेघ काढली, जणू मीही बघू नये. मी चिठ्ठी मोबाईलच्या पाठीवर पारदर्शक पट्टीनं चिकटवली, मोबाईल त्याच फडक्यात गुंडाळला आणि काचेच्या कपाटात ठेवला.

काच तिसऱ्या दिवशी दुपारी आली. तासाभरात बसवली. मोबाईल उजळला तेव्हा दोन वेण्या घातलेली एक मुलगी माझ्याकडं बघून जीभ काढत होती. हीच ईश्वरी असणार. पुढचे दोन दात पडलेले.

ओव्या सापडल्या. आईचा चेहरा कुठंच नव्हता. नुसतं जातं, आणि खुंट्यावरचा हिरव्या बांगड्यांचा हात. मला त्या नुसत्या उचलून छोट्या मेमरी कार्डात टाकायच्या होत्या. ऐकायच्या नव्हत्या. ऐकायला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी आवाज बारीक करून कानाशी धरला.

*सकाळच्या पारी बाई, दारी चिमणी चिवचिवे,*
*लेकीच्या गं आठवानं, हातचं पीठ ओलं व्हावे.*

एक संपली की दुसरी.

*नात माझी गं सानुली, पायी रुणझुणे वाळा,*
*तिच्या वाटेवरचा काटा, आधी रुतो माझ्या डोळा.*

नववी लावली. जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण, आणि ती ओळ : माझी मैना गं निघाली, नका पुसू तिचा ठाव. तेवढ्यात अंगणातून कुणी तरी ओरडलं, "अगं सारे, ईशू पडली बघ!" मोबाईल धरणारा हात हलला, छताचे वासे दिसले, आणि ते तिथंच संपलं.

दहावी होती. पण तिच्यावर एक करडी खूण होती. मोबाईलमध्ये जागा पुरेनाशी झाली की तो काही गोष्टी वर कुठल्याशा साठ्यात धाडून देतो आणि खाली नुसती सावली ठेवतो. नेट लावलं की ती गोष्ट पुन्हा खाली उतरते. नेटशिवाय नाही.

"झालं का?" नानांनी विचारलं.

"नऊ निघाल्या. एक वर अडकलीय. नेमकी तीच."

"मग नऊ दे."

"नाना, तीच तर तिला हवीय."

"बाईनं काय सांगितलं होतं?"

"मी ठिकाण दाखवायचं बंद करते आधी. मग पाच मिनिटं नेट लावते. कळतं मला त्यातलं. कोर्स केलाय मी."

"तुला कळतं," नाना म्हणाले. "तिच्या नवऱ्याला किती कळतं, ते तुला कुठं ठाऊक आहे?"

मी हसले. ठिकाण दाखवायची सगळी बटणं शोधून बंद केली, पुन्हा एकदा तपासली. मग दुकानाच्या मोबाईलचं नेट ह्या मोबाईलला जोडलं.

त्या नेटला मी नाव दिलेलं होतं. स्टँडावर बसलेले प्रवासी आपापल्या मोबाईलवर आसपासचं नेट शोधत बसतात. त्यांना दिसावं म्हणून मी दुकानाचंच नाव ठेवलं होतं, पुढं गावाचं : प्रभा मोबाईल, हिवरगाव. फुकटातली पाटी. ह्या युक्तीबद्दल कोर्सच्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती.

नेट मंद होतं. गोल फिरत राहिलं. तेवढ्यात कन्याशाळेच्या एक बाई मोबाईल तांदळात बुडवून घेऊन आल्या, नळाखाली पडला म्हणे. मग आणखी दोघी. दहावी ओवी कधी खाली उतरली ते माझ्या लक्षातही आलं नाही. मोबाईल तीन तास फळीवर तसाच जोडलेला होता. संध्याकाळी मी तो काढला, दहाही ओव्या कार्डात घेतल्या, मोबाईल बंद केला. दहावी मी ऐकली नाही. ती आधी सारिकानं ऐकायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. एवढी सभ्यता मला सुचली होती.

तिला फोन लावला.

"निघाल्या?" ती म्हणाली. पाठीमागं तव्यावर चपाती उलटल्याचा आवाज.

"सगळ्या. ती पुढची ओळसुद्धा."

पाठीमागचा आवाज थांबला. तिनं तवा उतरवला असावा.

"उद्या ईशूची शाळा सुटली की येते," मग म्हणाली. "तिला घेऊनच येते."

दुसरा दिवस गुरुवार, बाजाराचा. तीन वाजून गेले होते. पांढऱ्या शर्टाचा एक माणूस पायरी चढून आला. चपला बाहेर काढल्या. हातात मोबाईलचा रिकामा खोका.

"नमस्कार, ताई. नमस्कार, काका."

इतक्या अदबीनं आमच्या दुकानात कुणी बोलत नसे.

"हा मोबाईल तुमच्याकडं दुरुस्तीला आलाय," तो म्हणाला आणि खोक्यातून पावती काढून माझ्यासमोर ठेवली. "माझ्या नावावर आहे. बघून घ्या."

"आमच्याकडं असला मोबाईल नाही."

"आहे, ताई."

त्यानं आपला मोबाईल फिरवून माझ्यापुढं धरला. त्यावर त्या मोबाईलचं चित्र होतं, काल किती वाजता चालू होता ते होतं, आणि त्याखाली, तो ज्या नेटला जोडलेला होता त्याचं नाव. माझं नाव. माझ्या गावाचं नाव.

"ठिकाण दिसत नव्हतं," तो म्हणाला. "कुणी तरी हुशारीनं बंद केलेलं. पण पत्ता मात्र तुम्हीच लिहून पाठवलात. पहाटे निघालो आणि आलो."

 नाना उठून उभे राहिले.

"बाबा रे, इथं बायकांचे मोबाईल असतात. त्या बाईला घेऊन ये, मग बघू."

"तिलाच तर शोधतोय, काका." त्याची नजर दुकानभर फिरली आणि काचेच्या कपाटावर थांबली. "ते फडकं आमच्या घरचं आहे. हिरव्या काठाचं. माझ्या आईच्या लुगड्याचं."

त्यानं कपाट उघडलं. कपाटाला कुलूप नव्हतं. फडकं सोडलं, मोबाईल उलटा केला, आणि चिठ्ठी वाचली. सावकाश वाचली.

"अक्षर छान आहे तुमचं," म्हणाला.

आधी त्यानं आपल्या मोबाईलवर नंबर दाबायला घेतला. मग थांबला, विचार केला, आणि काउंटरवरचा आमचा मोबाईल उचलला. गावातल्या बायकांना मी दिवसातून दहा वेळा सांगायची : कुलूप लावा, बायांनो, उघडा ठेवू नका. आमच्या मोबाईलला कुलूप नव्हतं. नानांच्या ते लक्षात राहत नसे. त्यानं नंबर लावला, आवाज मोठा केला, मोबाईल काचेवर ठेवला आणि ओठांवर बोट धरलं. तान्ह्याला जाग येऊ नये म्हणून बायका धरतात तसं.

घंटा वाजत होती. नको उचलू, मी मनात म्हणत होते. नको उचलू गं.

"हॅलो, ताई? अहो, निघालेच बघा. आज बाजार ना, गिऱ्हाईक हटेना. हात धुते आणि निघते. ईशूची शाळा आता सुटेल, नगरपालिकेच्या शाळेतून तिला घेतलं की तशीच तुमच्याकडं. सकाळपासून नाचतेय नुसती. म्हटलंय तिला, आज आजी ऐकवते…"

मी तोंड उघडलं होतं, पण आवाज येत नव्हता. त्याच्या हातात काही नव्हतं. त्यानं मला धरलेलं नव्हतं. नुसतं बोट होतं, स्वतःच्याच ओठांवर. तेवढं पुरलं. का, ते मला अजून सांगता येत नाही. माझ्या सासरीही एक जण असंच बोट धरायचा, एवढं सांगता येतं.

"ताई? ऐकू येतंय ना? ताई?"

"पोरी, फोन ठेव! येऊ नकोस!" नाना ओरडले.

आधी नानांचा आवाज निघाला. मग माझा. पण दोघांच्याही आधी त्यानं फोन तोडला होता.

"हा राहू द्या तुमच्याकडं," तिचा मोबाईल काउंटरवर सरकवत तो म्हणाला. "मोबाईल कुणाला हवाय?"

चपला घातल्या. रस्त्यापलीकडं पांढरी गाडी उभी होती, चालकाचं दार उघडं.

मी पुन्हा नंबर लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. तिनं तो पिशवीत टाकला असेल, ती हात धूत असेल. मग मी धावत सुटले. स्टँडापासून शाळेपर्यंत भर बाजार होता. मेथीच्या जुड्या, मिरच्यांचे ढीग, गोधड्यांवर बसलेल्या बाया. "अगं ए, डोळे फुटले का?" कुणी तरी म्हणालं. एक चप्पल कुठं तरी राहिली. बाजारच्या दिवशी गाड्या मागच्या बाजूनं, ओढ्याच्या रस्त्यानं जातात. तो रस्ता मोकळा असतो.

शाळेच्या फाटकात तीन-चार पोरं उरली होती. एक तरुण बाई हजेरीची वही छातीशी धरून उभ्या होत्या.

"ईश्वरी?" मी म्हटलं. "पहिलीतली?"

"आत्ताच गेली की. वडील आले होते." माझ्याकडं बघून त्यांचा चेहरा उतरला. "मी विचारलं हो त्यांना, कोण तुम्ही म्हणून. पण तीच धावली. पप्पा म्हणाली आणि गळ्यात पडली. मग मी काय विचारणार?"

तिची पाण्याची बाटली पायरीवर राहिली होती. पिवळी, झाकणाला दोरी बांधलेली.

सारिका मागून आली. भरभर चालत, हसत. कोपरापर्यंत पीठ तसंच होतं. तिनं शाळेच्या बाईंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, माझ्या अनवाणी पायाकडं पाहिलं, आणि मग बाटलीकडं.

ती रडली नाही. मला वाटलं होतं, ती माझ्या अंगावर धावून येईल. यायला हवी होती.

"नेट लावलं होतंत?"

"हो."

"कशासाठी?"

"ती ओळ…" मी म्हटलं.

तिनं मान हलवली, हिशेब पटल्यासारखी. वाकून बाटली उचलली आणि आत किती पाणी उरलंय ते बघितलं.

चौकीत नाना आमच्याबरोबर आले. घाईत भिंग कपाळावरच राहिलं होतं. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, वाईट वागला असं नाही. चहासुद्धा सांगितला.

"बापानं पोरगी नेली, बाई. ह्यात पळवून नेणं कुठं बसतं? कोर्टात जा. वकील बघा. महिन्या-दोन महिन्यांनी तारीख लागेल."

"त्यानं मारलंय हिला," नाना म्हणाले.

"तेव्हा तक्रार केली होती का?"

सारिकाचा बटणाचा मोबाईल वाजला. चिठ्ठीवरचा तो नंबर आता तिघांकडं होता. तिनं कानाला लावला. शेजारी बसलेल्या मला पलीकडचं बारीक ऐकू आलं. "आई, तू कुठंयस? पप्पांनी आईस्क्रीम दिलं. आपण घरी चाललोय. तू मागनं येणार ना?" मग दुसरा आवाज. तो काय बोलला ते कळलं नाही. सारिका "बरं" म्हणाली. मग पुन्हा एकदा "बरं".

फोन ठेवून तिनं मला विचारलं, "सहाला तिकडं जाणारी गाडी आहे ना?"

स्टँडावर मी तिला परोपरीनं सांगितलं. वकील बघू, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, आमच्याकडं राहा, मेस सोडू नका.

"ताई," ती म्हणाली, "तुमचं कोर्ट उघडेस्तोवर ती तिकडं एकटी निजणार. तिला अंधाराचं भ्या वाटतं. माझा कान धरल्याशिवाय झोप लागत नाही तिला."

मी कार्ड तिच्या हातावर ठेवलं. नखाएवढं काळं कार्ड. तिनं ते बघितलं, आणि परत माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटवली.

"तिथं हे टिकायचं नाही. त्यानं मोबाईलवर वरवंटा घातला होता, तो ह्याच्यासाठीच. मेलेल्या बाईचं रडगाणं काय लावलंयस, म्हणाला. तुमच्याकडं असू द्या. आई तेवढी तरी बाहेर राहील."

"ती ओळ तरी ऐकून जा. माझ्या मोबाईलवर लावते. एक मिनिट."

गाडी लागली होती. कंडक्टरनं घंटी मारली.

"नको," सारिका म्हणाली. "ऐकली की तोंडात बसेल. मग कधी तरी कामात गुणगुणेन. तो विचारेल, कुणाला सांगतेयस."

ती चढली. दाराच्या दांड्यावर तिच्या हाताचं पीठ लागलं. गाडी वळली तेव्हा खिडकीतून ती पिवळी बाटली दिसली, मांडीवर धरलेली.

ह्याला आता आठ वर्षं झाली. मी चिठ्ठीवर नाव लिहीत नाही, नंबर लिहीत नाही, नऊ टिंबं काढत नाही. जाड कागदाचा तुकडा आडवातिडवा फाडते. अर्धा मोबाईलला बांधते, अर्धा बाईच्या हातात देते. जुळला की मोबाईल परत. उघडून तपासायचा असला तर समोर बसवून तिच्याच हातून उघडून घेते. नवीन बायका विचारतात, "अहो, काम झाल्यावर कळवणार कसं?" मी म्हणते, "मी नाही कळवणार. तुम्हीच या." नेटला नाव नाही. दुकानाच्या मोबाईलला कुलूप आहे. नानांनी ते शेवटच्या वर्षात शिकून घेतलं. बोट थरथरायचं, तीनदा चुकायचं, पण कुलूप काढा असं कधी म्हणाले नाहीत.

सारिकाची चिठ्ठी मी जाळली. पण नंबर डोक्यातून जळत नाही. तो नंबर आता कुणाच्या हातात वाजत असेल, ठाऊक नाही. ईश्वरी चौदा वर्षांची झाली असेल. तिच्या हाती मोबाईल असेल. तो कुणी घेऊन दिला असेल आणि त्यातलं खातं कुणाच्या नावाचं असेल, ह्याचा विचार मी दिवसातून एकदा करते. मग कामाला लागते.

त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर मी दुकानात परत आले. नानांनी फळ्या अर्ध्या लावून घेतल्या होत्या. कार्ड माझ्या मुठीत ओलं झालं होतं.

"लाव," नाना म्हणाले. "कुणी तरी ऐकायला पाहिजे."

भिंतीवर तेव्हा सात-आठ घड्याळं दुरुस्तीला आलेली होती, सगळी टिकटिकणारी. नानांनी उठून एकेका लंबकाला बोट लावलं आणि सगळी थांबवली. मग दुकानात काहीच वाजत नव्हतं.

मी दहावी ओवी लावली. आधी एका लहान मुलीचे हुंदके, आणि "उगी उगी, गेला बाऊ" म्हणणारा सारिकाचा आवाज. मग जात्याची घरघर. हिरव्या बांगड्यांच्या हातानं जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकले, खुंटा धरला, आणि म्हातारीनं पहिल्यापासून धरलं :

*माझी मैना गं निघाली, नका पुसू तिचा ठाव,*
*वाऱ्यालाबी कान बाई, वारा हिंडे गावोगाव.*